लोअर केलेल्या गाडीतून दादांना दवाखान्यात न्यायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्णी तालुक्यातल्या एका गावचे हे भाऊ. त्यांचे मोठे बंधू झाडावरून पडले, मणक्याला मार लागला, कागदावर टी-१० लिहिलेलं आहे, म्हणजे छातीच्या भागातला दहावा मणका. त्यामुळे साधारण बेंबीच्या खाली संवेदना नाही आणि पाय हलत नाहीत. दर महिन्याला त्यांना वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)च्या रुग्णालयात न्यावं लागतं, जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर. घरात सेकंडहँड घेतलेली ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, म्हणजे आय-ट्वेंटीची स्पोर्टी आवृत्ती आहे. आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलून ती खाली बसवली आणि १७ इंची अलॉय चाकं टाकली. दादा प्रवासात कधी तक्रार करत नाहीत. पण घरी आल्यावर रात्रभर पाय उडतात आणि मागच्या खेपेला बसायच्या हाडावर लाल चट्टा दिसला. भाऊंनी विचारलंय, शॉकअप बदलू, सीट बदलू, की गाडीच विकून टाकू?

भाऊ, गाडी एवढ्यात विकू नका. त्रास देणारं जे आहे त्यातलं बरंचसं आधीच्या मालकाने हौसेने बसवलेलं आहे आणि ते काढता येतं. पण दादा काही म्हणत नाहीत यावरून गाडी चालण्यासारखी आहे, असं मात्र समजू नका. त्यांच्या शरीराचा जो भाग सीटवर टेकतो, नेमकी त्याच भागाची खबर डोक्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही-मी अर्धा तास बसलो की नकळत अंग सरकवतो, एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर वजन घेतो, समोर खड्डा दिसला की पाय रोवून अंग उचलून धरतो. दादांना यातलं काहीच होत नाही. प्रत्येक दणका सरळ बैठकीच्या हाडांवर आणि तिथून मणक्यात जातो. रात्री पाय उडतात ते यालाच दिलेलं उत्तर असू शकतं. दुखापतीच्या खालच्या भागात कुठे टोचलं, दाबलं, हादरलं की मज्जारज्जू डोक्याला न विचारता स्नायू आखडतो. म्हणून तुमच्यासाठी मोजमाप दोनच: रात्रीचे झटके आणि घरी आल्यावरची कातडी. गाडीत जे काही बदलाल ते या दोन गोष्टींवर तपासा.

पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. दादांच्या जागेवर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, तुम्ही बसा आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला सांगा. बेल्ट लावा, हात मांडीवर ठेवा, दोन्ही पाय गाडीच्या तळापासून दोन बोटं उचलून धरा आणि डोळे मिटा. गावापासून पक्क्या सडकेपर्यंतचा रस्ता असा पार करा. खड्डा येतो आहे हे कळत नाही आणि पायाने तोल सावरता येत नाही, तेव्हा हीच गाडी किती वेगळी लागते ते पाहा. माझ्याकडे गाडी घेऊन येणाऱ्या घरच्या माणसाला मी आधी असाच बसवून नेतो. त्यानंतर काय बदलायचं यावर वाद होत नाही.

आता चाकांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो. तुमच्या गाडीला कंपनीतून १९५/५५ आर १६ टायर येतो. १७ इंची चाकाला बहुतेक २०५/४५ आर १७ असेल, टायरच्या भिंतीवर वाचून खात्री करा. मधला आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२ मिलिमीटर. कंपनीच्या टायरमध्ये हीच उंची १०७ मिलिमीटर आहे. १८५/६५ आर १५ घातला तर १२० मिलिमीटर होते. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास मात्र जवळजवळ सारखाच: अनुक्रमे ६१६, ६२१ आणि ६२१.५ मिलिमीटर. म्हणजे स्पीडोमीटर फारसा न बिघडता रिम आणि रस्ता यांच्या मधली हवेची गादी ९२ वरून १२० वर नेता येते. गिट्टी उघडी पडलेल्या रस्त्यावर जी बारीक खडखड सीटपर्यंत येते, ती स्प्रिंगच्या आधी टायरच खातो. भिंत ठेंगणी असेल तर तो खाणार कशाने?

१५ इंची चाक घेण्याआधी ते ब्रेकच्या कॅलिपरवरून, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या चिमट्यावरून, न अडता जातं का, हे चारही बाजूंनी बसवून, हाताने फिरवून पाहा. एन लाइनला मागेही डिस्क आहे, म्हणून मागचं चाक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अडत असेल तर कंपनीच्या १६ इंचीवर या, तोही मोठा फरक आहे. टायरवरचा वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. ८८ लिहिलेलं असेल तर एक टायर ५६० किलो पेलतो. टायर घेताना खेळाच्या गाड्यांचा, कडक भिंतीचा नमुना घेऊ नका, लांबच्या प्रवासासाठी बनवलेला घ्या. आणि टायर कधी बनला ते पाहा: भिंतीवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं. नक्षी शाबूत दिसणारा जुना टायर दगडासारखा लागतो तो त्यामुळेच.

हवेबद्दल एक ठाम सांगतो. आरामासाठी हवा कमी करायचा सल्ला तुम्हाला गावात पन्नास जण देतील, तो ऐकू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो आकडा छापलाय तोच भरा, सकाळी, गाडी थंड असताना. दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय दाब वाढतो, त्यामुळे दुपारी भरलेली हवा पहाटे कमीच निघते. कमी हवेचा टायर वळतो, तापतो, आणि मे महिन्यात चौपदरी सडकेवर वेगात फुटतो. दादांसारखा माणूस गाडीत असताना तो धोका नकोच. हवा जास्त भरलेली असेल तर मात्र ती लगेच उतरवा. पंपावर न विचारता सगळ्यांना सारखीच ३५-४० भरून देतात, बरेचदा निम्मा त्रास तिथेच असतो. नायट्रोजन भरल्याने बैठक मऊ होत नाही.

दुसरं काम स्प्रिंगचं. एन लाइन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कंपनीतूनच कडक येते. त्यावर लोअरिंग स्प्रिंग टाकली म्हणजे दुहेरी नुकसान झालं. कडकपणा वाढला हे एक. खरा घात दुसऱ्या गोष्टीत आहे. गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली आली म्हणजे चाकाला वर यायला जी जागा होती, त्यातून तेवढी वजा झाली. मग जरा मोठा खड्डा आला, गाडीत चार माणसं आणि डिक्कीत व्हीलचेअर असली, की सस्पेन्शन शेवटच्या रबरी टोपणावर आपटतं. त्याला आम्ही बंपस्टॉप म्हणतो. त्या क्षणी स्प्रिंग आणि शॉकअप असून नसल्यासारखे होतात, अख्खा दणका बॉडीत जातो. कानाला तो वेगळा कळतो: नेहमीचा खड्डा 'धप्प' वाजतो, हा 'खाड' वाजतो. मणक्याच्या माणसाला त्रास देणारा हाच. रोजची कडक चाल एक वेळ सहन होते, एका फेरीतले असे दहा-बारा 'खाड' सहन होत नाहीत.

स्प्रिंगचं गणित सोपं आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितकी बसते त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल ते ठरतं. चाकाशी मोजून २५ सेंटिमीटर बसली तर सेकंदाला एक हेलकावा, ११ सेंटिमीटरला दीड, ६ सेंटिमीटरला दोन. घरगुती आरामाच्या गाड्या एक ते दीडच्या मध्ये ठेवतात, खेळाच्या गाड्या दोनकडे सरकतात. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते आठ हादऱ्यांना सगळ्यांत जास्त थरथरतं. स्प्रिंग जितकी कडक, तितकी या पट्ट्यातली थरथर सीटपर्यंत जास्त पोचते.

म्हणून लोअरिंग स्प्रिंग काढा आणि कंपनीच्या परत बसवा. आधीच्या मालकाकडे त्या पडलेल्या असण्याची शक्यता आहे, आधी त्याला फोन करा. नाही मिळाल्या तर त्याच पिढीच्या, त्याच इंजिनाच्या साध्या आय-ट्वेंटीच्या स्प्रिंग आणि शॉकअप हा पर्याय माझ्या मते दादांसाठी जास्त चांगला. मात्र पार्ट नंबर जुळवून, चारही कोपऱ्यांना, आणि स्प्रिंगसोबत शॉकअप जोडीनेच. पुढे एक मागे दुसरं असं केलं तर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलायला लागते आणि पोटाचे-पाठीचे स्नायू साथ देत नसलेल्या माणसाला ते डुलणं दणक्याइतकंच वाईट.

गाडी वर काढताना स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये कोणी रबरी बफर अडकवलेत का तेही बघा. आपल्याकडे हे फार चालतं. गाडी खाली लागते म्हणून ॲक्सेसरीवाला बफर घालून देतो. बफर अडकला की तो वेढा काम करायचा थांबतो, स्प्रिंग आणखी कडक होते. असतील तर काढून टाका. आणि कोणी वेढा कापून देतो म्हणाला तर तिथून गाडी परत आणा. कापलेली स्प्रिंग लांबीने कमी आणि कडकपणाने जास्त होते, शिवाय जागेवर नीट बसत नाही.

शॉकअपची पारख करताना तेल गळतंय का एवढंच पाहून थांबू नका. आडव्या भेगा पडलेले लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, करकरणारं वरचं माउंटिंग, फाटलेला बंपस्टॉप, यातलं काहीही खराब असेल तर नवा शॉकअपसुद्धा खडखडेल. बंपस्टॉप ही स्वस्त वस्तू आहे. लोअर केलेल्या गाडीत तो हमखास चुरा झालेला किंवा अर्धा कापलेला निघतो. मी तो न विचारता नवीनच घालतो. गेलेला शॉकअप मऊ लागतो म्हणून काही जण तो तसाच ठेवतात. तेही नको. एका खड्ड्यानंतर गाडी तीनदा उडत राहिली तर दादांची मान आणि धड तीनदा सावरावं लागतं. काम झालं की अलाइनमेंट करून घ्या, उंची बदलली की चाकांचा कोन बदलतोच.

एवढं झालं की गाडी निम्म्याहून जास्त सुधारेल. पण लाल चट्टा गाडीच्या खालच्या कामाने जाणार नाही, त्यासाठी सीट बघावी लागेल, आणि इथे मी जरा सविस्तर सांगतो.

दादांना पुढेच बसवा. मागची सीट मागच्या ॲक्सलच्या जवळ असते, तिथे उसळी जास्त. पुढची सीट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येते. सीट मागे सरकवून डॅशबोर्डपासून छाती लांब ठेवा, एअरबॅगसाठी निदान २५ सेंटिमीटर मोकळे हवेत. पाठ थोडी कलती चालेल, पण झोपवू नका. जास्त कलती केली की ब्रेक लागल्यावर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटावर चढतो. शिवाय असं घसरून बसलं की वजन माकडहाडावर येतं, आणि जखमेची ती सगळ्यांत वाईट जागा.

स्पोर्टी सीटच्या बाजूंना जे उंच फुगवटे असतात, त्यांच्याबद्दल लोक सरसकट वाईट बोलतात. माझं मत वेगळं आहे. पाठीकडचे फुगवटे दादांच्या कामाचे आहेत. पोटाचे स्नायू पुरती साथ देत नाहीत, वळणावर धड एका बाजूला कलतं, तेव्हा तेच धरून ठेवतात. ते काढू नका. त्रास आहे तो बैठकीकडच्या फुगवट्यांचा. एक म्हणजे मधे खोलगट जागा होते आणि दोन्ही हाडं आत, मांड्या वर, असं बसणं होतं. दुसरं, व्हीलचेअरवरून सरकताना बाहेरचा फुगवटा नेमका कातडीला खरवडतो. तो लाल चट्टा दाराकडच्या बाजूचा आहे का ते पाहा. असला तर तो बसण्याने नाही, सरकवण्याने आला असण्याची शक्यता बरीच आहे.

उपाय असा. बैठकीचा खोलगटपणा कडक रिबॉन्डेड (तुकडे दाबून बनवलेल्या) फोमने भरून सपाट करून घ्या, यवतमाळात कुठलाही चांगला सीटवाला करून देईल. त्यावर दादांची रोजची व्हीलचेअरची गादी. घरच्या कापसाच्या गाद्या नकोत. आपल्या भागात कापसाला तोटा नाही, म्हणून प्रत्येक घरात पहिला हात त्याच गादीकडे जातो, आणि प्रेमानेच जातो. पण कापूस वजनाखाली दबून बसतो, गुठळ्या होतात, घाम धरून ठेवतो. ज्याला टोचलेलं कळत नाही त्याच्याखाली गुठळी म्हणजे तासाभरात जखमेची सुरुवात. टायरची ट्यूब किंवा मधे भोक असलेली रिंगसुद्धा नको, ती कडेची कातडी दाबून मधला रक्तपुरवठा तोडते.

हवेच्या कप्प्यांची गादी असेल तर ती गाडीत बसवल्यावर पुन्हा तपासा. दादा बसले की तळहात सरळ करून गादी आणि अंग यांच्या मधून, बसायच्या हाडाखाली सरकवा. हाड आणि गादीचा तळ यांच्यामध्ये बोटभर तरी, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर, हवा लागली पाहिजे. हात दबला तर हवा कमी, हाड तरंगत असेल तर जास्त. घरी खुर्चीवर बरोबर असलेली हवा गाडीतल्या, मागच्या बाजूला उतरत्या सीटवर बरोबर असेलच असं नाही. उन्हात ठेवलेल्या गाडीत ती फुगतेही. गादीची जाडी पाच सेंटिमीटरच्या आसपास पुरे. फार जाड आणि लिबलिबीत गादीवर अपघातात माणूस आधी खाली दबतो आणि पट्टा ढिला पडतो.

पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर आला पाहिजे, पोटावर नाही. लघवीची नळी पट्ट्याखाली किंवा मांडीखाली अडकलेली नाही ना, हे निघण्याआधी हात फिरवून पाहा. त्या नळीवरची छोटी प्लास्टिकची चिमटी मांडीखाली राहिली तर सावंगीपर्यंत तिचा ठसा उमटतो. मागच्या खिशातलं पाकीट, जीन्सची जाड शिवण, बटणं, सगळं तसंच. प्रवासाला मऊ, बिनखिशाचा पायजमा घाला. सीटच्या पाठीला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर त्यावरून घट्ट सीट कव्हर चढवू नका, ऐनवेळी एअरबॅग अडेल.

पायांकडे कोणी बघत नाही. तळवे पूर्ण टेकलेले नसतील तर पाय लोंबतात, प्रत्येक हादऱ्याला पोटरी ताणली जाते आणि झटका सुरू होतो. तळव्याखाली घट्ट फोमचा उतरता ठोकळा द्या, गुडघा आणि घोटा साधारण काटकोनात येईल असा. त्याला खाली मॅट चिकटवा म्हणजे सरकणार नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक छोटी मऊ उशी. पाय बांधून टाकू नका. झटका जोरात आला आणि पाय बांधलेला असला तर हाडाला इजा होऊ शकते, कारण न वापरलेली हाडं ठिसूळ होतात.

सरकवण्यासाठी फळी करून घ्या. १८ मिलिमीटर प्लायवूड, लांबी ७०-७५ सेंटिमीटर, रुंदी २०-२५, चारही कडा गोल घासलेल्या, वर गुळगुळीत पॉलिश. गावातला सुतार दुपारभरात करतो. फळीचं एक टोक दादांच्या मांडीखाली आणि दुसरं सीटच्या फुगवट्यावरून आत, म्हणजे कातडी फुगवट्याला लागतच नाही. वर पातळ सुळसुळीत कापड टाका. दादांना ओढू नका. त्यांना हातांनी अंग हलकं करू द्या, थोडं थोडं सरकू द्या. वरचं अंग त्यांचं मजबूत आहे, त्यांना करता येतं. गाडी कंपनीच्या उंचीवर आली की सीटही तेवढीच वर येईल आणि व्हीलचेअरच्या जवळपास पातळीत येईल, हा लोअरिंग काढण्याचा आणखी एक फायदा. फळी लावायच्या आधी खुर्चीचे ब्रेक, आणि गाडी उतारावर नको.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. एन लाइनच्या काळ्या लेदरेटवर उन्हात हात ठेववत नाही. तुम्ही चटकन उठाल, दादांना कळणार नाही आणि कातडी भाजेल. बेल्टचं बक्कलही तसंच तापतं. निघण्याआधी एसी लावून गाडी थंड करा, सीटवर उलटा हात ठेवून बघा, बक्कलला ओला दुपट्टा लावा. दुखापतीच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापतं. पाण्याची बाटली आणि ओला रुमाल जवळच हवा. ज्यांची दुखापत टी-६ किंवा त्याच्या वर आहे त्यांच्या घरच्यांसाठी: प्रवासात अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, छातीच्या वर घाम फुटला, तर गाडी थांबवा, सरळ बसवा, पट्टा आणि कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहा. रक्तदाब एकाएकी चढल्याची ती खूण असते. नळी मोकळी करूनही उतार पडला नाही तर जवळचा दवाखाना गाठा.

आता चालवण्याबद्दल. गावापासून पक्क्या सडकेपर्यंतचा तुकडा सगळ्यांत वाईट असणार. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, वरचा डांबराचा थर लाटांसारखा होतो. अशा लाटेवर वेग कमी ठेवला की शॉकअपला सावरायला वेळ मिळतो. खड्डा चुकत नसेल तर त्याच्या आधी ब्रेक मारा आणि चाक खड्ड्यात जायच्या क्षणाआधी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं, पुढची स्प्रिंग आधीच अर्धी दबलेली असते आणि तो 'खाड' तेव्हाच होतो. एवढी एक सवय लागली तरी मी शॉकअपइतकाच फरक मानतो.

लोअर केलेल्या गाडीचे पोट्टे गतिरोधक तिरपे घेतात, खालून घासू नये म्हणून. दादा असताना तिरपं घेऊ नका. एकेक चाक वेगवेगळं चढलं की गाडी डावी-उजवी कलते आणि त्यांचं धड तिच्यासोबत जातं. सरळ घ्या, दोन्ही चाकं एकदम, चालण्याच्या वेगाने. नियमाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो २५ च्या वेगात अलगद जातो. गावकऱ्यांनी हातभर रुंदीचा बांधलेला तसा जात नाही, तिथे जवळजवळ थांबावंच लागतं.

आर्णीपासून यवतमाळ, कळंब, देवळी करत सावंगीपर्यंत तुम्हाला नागपूर-तुळजापूर महामार्ग क्रमांक ३६१ मिळतो. सिमेंटच्या रस्त्याला ठराविक अंतरावर आडवे सांधे असतात, साधारण साडेचार मीटरवर. ताशी ८० ला सेकंदाला जवळपास पाच सांधे जातात, १०० ला सहा. वर सांगितलं तसं, बसलेलं धड नेमकं चार ते आठच्या पट्ट्यात थरथरतं. जिथे सांधे उचललेले असतील आणि 'टक टक' सीटमध्ये जाणवत असेल तिथे वेग ६० च्या खाली आणा. चांगल्या पट्ट्यावर काही जाणवत नाही, तिथे तुमच्या नेहमीच्या वेगाने जा.

आणि थांबा. फिजिओथेरपिस्ट साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवायला सांगतात, ते गाडीतही लागू आहे. चालत्या गाडीत दादांनी बेल्ट काढून पुढे वाकायचं नाही. गाडी बाजूला घ्या, त्यांना दोनेक मिनिटं पुढे वाकू द्या किंवा एका बाजूला कलू द्या, मग दुसऱ्या. घाई असली तरी यवतमाळच्या अलीकडे-पलीकडे, कळंब, देवळी हे थांबे सोडू नका. घरी आल्यावर लगेच झोपवून आरशाने किंवा मोबाइलने फोटो काढून दोन्ही हाडं, माकडहाड आणि टाचा बघा. लाल जागेवर बोट दाबा. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली आणि अर्ध्या तासात गेली तर ठीक. पांढरी होतच नसेल किंवा लाली जात नसेल तर त्या जागेवर बसवणं बंद आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. दर खेपेचा फोटो तारखेसह ठेवा, गाडीतल्या कामाचा फायदा झाला की नाही ते त्यावरूनच कळेल.

गाडी विकायचं म्हणाल तर हे सगळं करून दोन-तीन फेऱ्या पाहा. तरीही झटके आणि लाली राहिली, किंवा सरकवताना दादांच्या खांद्यावर ताण येत असेल, तर उंच सीटची, रुंद दाराची, जाड टायरची साधी गाडी घ्या. वॅगन आरसारख्या गाडीत व्हीलचेअरवरून सरकणं या गाडीपेक्षा नक्कीच सोपं आहे. बाहेर वळणारी सीट बसवायची असेल तर ती त्या मॉडेलसाठीच बनवलेली असावी. बोल्ट पाडून वेल्डिंगने बसवलेल्या सीटवर मी कोणाला बसवणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी हवा, फळी, पायाचा ठोकळा आणि बैठक, कारण हे याच आठवड्यात होतं. मग चाकं. १७ इंची अलॉय विकून १५ किंवा १६ चा संच बऱ्यापैकी भागतो. मग स्प्रिंग-शॉकअप.

स्प्रिंग मागवायच्या आधी मला आठ आकडे कळवा. गाडी सपाट जागेवर उभी करा, टेपने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. एकदा रिकामी गाडी, एकदा दादा पुढे, घरचं माणूस मागे आणि डिक्कीत व्हीलचेअर ठेवून. सोबत चारही टायरवरचा मापाचा आणि तारखेचा शिक्का यांचा फोटो. गाडी भरल्यावर कोणता कोपरा किती बसतो त्यावरून चाकांना किती जागा उरते ते मी सांगेन, आणि साध्या आय-ट्वेंटीच्या स्प्रिंग पुरतील की एन लाइनच्याच घ्याव्यात तेही.